मोरोक्को: राजधानी रबात, मग सगळं कासाब्लांकात कसं?

नकाशेवाला (धागाकर्ता)

प्रश्नमंजूषेत हमखास विकेट काढणारा प्रश्न: मोरोक्कोची राजधानी कोणती? बरीच मंडळी 'कासाब्लांका' लिहून मोकळी होतात. उत्तर रबात. पण चुकणाऱ्यांना फार हसू नये. शेअर बाजार, बँका आणि विमा कंपन्यांची मुख्यालयं, देशातला सर्वांत मोठा विमानतळ, सगळं कासाब्लांकातच आहे. २०२४च्या जनगणनेत कासाब्लांका ३२ लाखांच्या वर, टँजियर आणि फेज प्रत्येकी साडेबारा लाखांच्या घरात, माराकेश दहा लाख. रबात पाच लाखांच्या जरासं वर. नदीपलीकडचं साले हे तिचं जोडशहरसुद्धा लोकसंख्येत तिच्या जवळजवळ दुप्पट.

जुन्या काळी राजधानी म्हणजे सुलतानाचा मुक्काम जिथे असेल ते शहर. फेज, माराकेश, मेक्नेस आणि रबात या चारांना आजही 'शाही शहरं' म्हणतात. राज्यव्यवस्थेला तिथे 'मखझन' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ कोठार. सरकार म्हणजे धान्य आणि कर गोळा करणारं कोठार, इतका रोखठोक शब्द.

३० मार्च १९१२ रोजी फेजमध्ये करार झाला आणि मोरोक्को फ्रान्सचं संरक्षित राज्य बनलं. एप्रिलमध्ये त्याच फेजमध्ये सुलतानाच्या सैनिकांनी बंड केलं, पाठोपाठ आसपासच्या टोळ्यांनी शहराला वेढा घातला. फ्रेंच रेसिडेंट जनरल, म्हणजे फ्रान्सचा तिथला मुख्य कारभारी, लियोते याने राजधानी उचलून रबातला नेली. समुद्रकाठ असला की कुमक जहाजाने येते, वेढा बसला तरी मागचं दार उघडं राहतं. अडचण एकच होती: बू रेग्रेग नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, मोठं जहाज आत शिरत नाही. म्हणून कारभार रबातला आणि बंदर ९० किलोमीटर खाली कासाब्लांकाला. आजची सगळी वाटणी इथून सुरू होते.

जाणकारांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

बंदरबाबू

धागा छान. एक दुरुस्ती. 'रबातला बंदर नाही म्हणून कासाब्लांका निवडलं' हे अर्धंच खरं. कासाब्लांकालाही नैसर्गिक बंदर नव्हतं. उघडा किनारा, अटलांटिकच्या लाटा थेट अंगावर. जहाज लांब उभं करायचं, माल पडावात उतरवायचा आणि पडाव किनाऱ्याला आणायचे. समुद्र खवळला की काम बंद.

खरी गोष्ट अशी की फ्रेंच तिथे आधीच बसले होते. १९०७ साली बंदराच्या कामासाठी टाकलेली छोटी रेल्वे कब्रस्तानाजवळून गेली, त्यावरून दंगा झाला, युरोपीय कामगार मारले गेले, आणि फ्रेंच युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या. तेव्हापासून लष्कराचा शिधा, दारूगोळा, घोडे, सगळं तिथेच उतरत होतं. १९१२ नंतर तीन किलोमीटरहून लांब लाटारोधक धक्का समुद्रात घातला आणि त्याच्या आडोशाला बंदर उभं राहिलं. आधी गोदामं आली, बंदर मागून आलं.

पैसाही तसाच सरकला. फेजचे जुने व्यापारी, ज्यांना 'फासी' म्हणतात, त्यांनी पेढ्या कासाब्लांकाला हलवल्या. आजही मोठ्या उद्योगघराण्यांची आडनावं पाहिली की बरीचशी फेजची निघतात.

गाडीवान

जाणाऱ्यांसाठी कामाचं. या वाटणीचा सर्वांत जास्त त्रास रेल्वे स्टेशनांवर होतो.

कासाब्लांकात दोन मुख्य स्टेशनं. कासा-पोर बंदराला आणि जुन्या गावाला लागून. रबातला जाणाऱ्या रोजच्या गाड्या इथून सुटतात, साधारण एक तास. कासा-व्होयाजर शहराच्या आतल्या बाजूला. फेज, माराकेशच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि वेगवान 'अल बुराक' इथून. तिकिटावर नुसतं 'कासा' वाचून धावलात तर चुकीच्या स्टेशनवर पोचाल.

रबातलाही तेच. अल बुराक रबात-व्हिलला थांबत नाही, रबात-अगदालला थांबते. टँजियरकडे जायचं असेल तर अगदाल. जुन्या शहरात हॉटेल घेतलं असेल तर टॅक्सीचा वेळ आधीच धरा.

अल बुराक १५ नोव्हेंबर २०१८ला सुरू झाली. ताशी ३२० फक्त टँजियर ते केनित्रा. केनित्रा ते कासाब्लांका जुन्याच रुळांवरून ताशी १६०. तरी टँजियर-कासाब्लांका सव्वादोन तासांच्या आत. केनित्रा ते माराकेश वेगवान मार्गाचं काम एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, सुमारे ४३० किलोमीटर. रूळ दक्षिणेला माराकेशलाच संपतात. अगादीरला रेल्वे नाही.

टॅक्सी दोन प्रकारच्या. 'पती ताक्सी' म्हणजे छोटी: कमाल तीन प्रवासी, मीटर, आणि शहराची हद्द ओलांडायला बंदी. कासाब्लांकात आणि फेजमध्ये लाल, रबातमध्ये निळी, अगादीरला केशरी. 'ग्राँ ताक्सी' गावोगाव जाणारी, सहा सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे भरायचे, गाडी लगेच निघते. आपल्याकडच्या वडापसारखंच. सगळे अडकतात ते इथे: रबातची निळी टॅक्सी पुलापलीकडे सालेला नेत नाही. कारण ती दुसरी हद्द. तिथे ट्राम घ्या, नदी ओलांडते.

रात्री आठनंतर मीटरवर ५० टक्के जादा, हे कायदेशीर आहे, उगाच वाद घालू नका.

तिरकसराव

म्हणजे रबातला फायली, कासाला पैसा. आणि फेजला काय, पर्यटकांना चुकवायला गल्ल्या?

जुनी_वही

तिरकसराव, गल्ल्या आहेतच. पण आधी दोन शब्द मोठेपणाबद्दल. फेजची करवीन मशीद आणि विद्यापीठ यांची परंपरा इ.स. ८५९ पासून सांगितली जाते, स्थापनेचं श्रेय फातिमा अल-फिहरी या बाईंना. टँजियरचा इब्न बतूता (जन्म १३०४) पंचवीसेक वर्षं जग हिंडून परतला तेव्हा त्याचं प्रवासवर्णन लिहवून घेतलं ते फेजच्या सुलतानाने, १३५५ मध्ये, इब्न जुझय या लेखनिकाकडून. त्यात आपलं नंदुरबार आहे, दौलताबाद आहे, मराठे आहेत. देवगिरीच्या तळघरात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचं त्याने लिहिलंय. तेव्हा चौदाव्या शतकातल्या महाराष्ट्राचं एक वर्णन फेजमध्ये कागदावर उतरलं, हे लक्षात असू द्या.

आता गल्ल्या. फेज अल-बाली, म्हणजे जुनं फेज, १९८१ पासून जागतिक वारशात. आत मोटार नाही. माल गाढवं-खेचरांवरून जातो. मागून 'बालाक, बालाक!' ऐकू आलं की भिंतीला चिकटायचं, वळून बघत बसायचं नाही. उंच भिंतींमुळे फोनवरचा नकाशा भरकटतो, निळा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे दाखवतो. भरवशाची खूण उताराची. बाब बू जलूद या निळ्या दरवाजापासून तला कबीरा आणि तला स्गीरा या दोन मुख्य वाटा उतरत उतरत करवीनपर्यंत जातात. त्यामुळे हरवलात आणि बू जलूदला यायचं असेल तर चढाची वाट धरा. शुक्रवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात, खरेदी त्या दिवशी ठेवू नका.

मुसलमान नसलेल्यांना मशिदीत प्रवेश नाही. करवीनचं अंगण दारातूनच बघायचं. बू इनानिया आणि अत्तारीन हे मदरसे मात्र तिकीट काढून बघता येतात, आणि नक्षी तिथे जवळून दिसते. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद (१९९३) हा ठळक अपवाद, तिथे ठरल्या वेळी मार्गदर्शकासह सगळ्यांना सोडतात.

चिंचपेटी

फेजच्या चामड्याबद्दल कुणी लिहील म्हणून थांबले होते. शूआरा टॅनरीचे (कातडी कमावण्याच्या कारखान्याचे) फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण त्या हौदांत चालतं काय?

वरून पाहिलं तर दोन रंगांचे हौद. पांढरे आणि रंगीत. पांढऱ्यांत चुनकळी, पाणी, मीठ वगैरे. कातडी दोन-तीन दिवस बुडवतात, केसांची मुळं सैल होतात, मग लाकडावर टाकून खरवडतात. इथे जास्त दिवस राहिलं तर चुना कातडं खातो, ते ठिसूळ होतं. कमी राहिलं तर केसांचे खुंट उरतात आणि पुढे रंग ठिपकेदार बसतो.

त्यानंतर कबुतराची विष्ठा. वास त्याचाच. तिच्यातलं अमोनियासारखं द्रव्य उरलेला चुना काढतं आणि कातडं मऊ करतं. कारागीर हौदात उतरून पायाने तुडवतात. मग कमावणं आणि रंग. परंपरेने लालसाठी खसखशीची फुलं, निळ्यासाठी नीळ, केशरीसाठी मेंदी. पिवळा बहुधा हौदात बुडवत नाहीत, हाताने चोळतात, कारण तो महाग. आज दुकानात दिसणारे सगळेच रंग वनस्पतींचे असतात असं समजू नका.

खरेदी करताना: बकरीचं कातडं पातळ आणि मऊ, बाबूश या सपाता आणि पुस्तकांच्या बांधणीसाठी. 'मोरोक्को लेदर' हे नाव त्याचंच. पिशवी गाईच्या किंवा उंटाच्या चामड्याची घ्या. ओलसर पांढरं फडकं आतून घासून बघा, रंग उतरला तर ती पिशवी पावसाळ्यात आपल्या सदऱ्यावर उतरणार. गच्चीवरून हौद बघण्याचे पैसे दुकानदार मागतात किंवा विक्रीतून काढतात. हाती पुदिन्याची काडी देतात ती नाकाला लावायची.

बंदरबाबू

आता टँजियर, कारण गेल्या वीस वर्षांत सर्वांत जास्त बदललेलं शहर तेच. स्वातंत्र्याआधी ते आंतरराष्ट्रीय क्षेत्र होतं, अनेक देश मिळून चालवत, चोरटा व्यापार आणि हेरगिरी यांसाठी बदनाम. १९५६ नंतर रबातने त्याच्याकडे बराच काळ पाठ फिरवली होती.

२००७ मध्ये टँजर-मेड बंदर सुरू झालं आणि चित्र पालटलं. ते टँजियर शहरात नाही. पूर्वेला सुमारे ४० किलोमीटर, सामुद्रधुनीच्या काठावर. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटर. आशिया-युरोप आणि अमेरिका-भूमध्य असे दोन्ही रहदारीचे मार्ग या गळ्यातून जातात. जहाजाला फारशी वाट वाकडी करावी लागत नाही. २०२४ मध्ये तिथे वीसफुटी मापाने एक कोटीहून जास्त कंटेनर हाताळले गेले.

न्हावाशेवाशी तुलना करायचा मोह होईल. न्हावाशेवा ७० लाखांच्या पुढे. पण न्हावाशेवाचा कंटेनर मुख्यतः देशात जातो किंवा देशातून येतो. टँजर-मेडचा बराच माल एका जहाजातून उतरतो आणि दुसऱ्यात चढतो, मोरोक्कोच्या मातीला पायही लावत नाही. त्यामुळे नुसता आकडा बघून 'मोरोक्को भारतापेक्षा जास्त व्यापार करतो' असा निष्कर्ष काढू नये.

देशाला खरा फायदा बंदरामागच्या कारखान्यांचा. रेनोचा मेलूसा इथला कारखाना २०१२ पासून, गाड्या रेल्वेने थेट बंदरात. केनित्राला प्यूजोवाल्यांचा कारखाना २०१९ पासून.

गाडीवान

फेरीवाल्यांचा घोळ इथेच होतो, म्हणून जोडतो. (फेरी म्हणजे बोट, भाजीवाले नव्हेत.) स्पेनच्या तारिफाहून येणारी बोट टँजियर शहराच्या जुन्या बंदरात लागते, साधारण एक तास, उतरलात की चालत मदिनेत, म्हणजे जुन्या गावात. अल्हेसिरासहून येणारी टँजर-मेडला लागते, दीड तास, आणि पुढे शहरापर्यंत ४० किलोमीटर. तिकीट स्वस्त दिसतं म्हणून दुसरी बोट घेऊन शहरात हॉटेल ठेवलं तर पुढच्या वाहनाचा खर्च आणि वेळ त्यात धरा. परतीला तर जास्तच जपा, चुकीच्या बंदरावर पोचलात तर बोट गेलीच.

शेतीवाडी

मोरोक्कोशी आपला रोजचा संबंध या पर्यटनाच्या गप्पांत कुणाला दिसला नाही याचं नवल वाटतं. कृषी सेवा केंद्रात डीएपीची ५० किलोची गोणी घेता ना? अठरा-सेहेचाळीस, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. त्यातल्या सेहेचाळीसचा मोठा हिस्सा मोरोक्कोतल्या फॉस्फेटवर चालतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोकडे धरले जातात (त्यात पश्चिम सहाराचेही येतात, आणि त्या प्रदेशाचा वाद संयुक्त राष्ट्रांत अजून मिटलेला नाही).

शहरांच्या यादीत न येणारी दोन गावं इथे महत्त्वाची. खुरिबगा, कासाब्लांकाच्या आग्नेयेला सुमारे १२० किलोमीटर आत, पठारावर. इथे खाणी. आणि जोर्फ लासफार, अल जदीदाजवळचं बंदर. इथे कारखाने. पूर्वी खनिज रेल्वेने जायचं. २०१४ पासून १८७ किलोमीटरची मुख्य नळवाहिनी आहे. दगड दळतात, पाण्यात कालवून रबडी करतात आणि सोडून देतात. खुरिबगा उंचावर, बंदर समुद्रसपाटीला, त्यामुळे बहुतेक वाट उतारच काम करतो. वेगवेगळ्या प्रतीचा माल एकामागून एक पाठवताना मध्ये निव्वळ पाण्याचा टप्पा सोडतात, नाहीतर प्रती मिसळतात. रबडी फार पातळ केली तर पाणी वाया जातं, फार घट्ट केली तर नळात बसते.

जोर्फला त्यावर गंधकाम्ल टाकून फॉस्फरिक आम्ल बनवतात, जिप्समचा चिखल उरतो. गंधक बाहेरून येतं. डीएपी करायला अमोनिया लागतो, तोही बाहेरून, कारण देशात नैसर्गिक वायू नगण्य. म्हणून गोणीचा भाव फक्त खाणीवर ठरत नाही. गंधक महागलं, वायू महागला, तरी आपल्याकडे बोंब.

भारताची भागीदारी थेट आहे. जोर्फ लासफारला 'इमासिद' हा फॉस्फरिक आम्लाचा कारखाना मोरोक्कोची सरकारी कंपनी ओसीपी, टाटा केमिकल्स आणि चंबळ फर्टिलायझर्स यांचा समसमान. गोव्यात झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून पारादीप फॉस्फेट्सकडे आहे, आणि त्या कंपनीची प्रवर्तक झुआरी व ओसीपी यांची निम्मी-निम्मी भागीदारी. वास्कोच्या टेकडीवरून दिसणाऱ्या त्या चिमण्यांचा एक मालक कासाब्लांकात बसतो.

नकाशेवाला

शेतीवाडी, ही भर धाग्यापेक्षा भारी. ओसीपीचं मुख्यालय कासाब्लांकात आणि ती कंपनी सरकारी, हे उदाहरण माझ्या मूळ मुद्द्याला नेमकं बसतं. सरकारी कंपनीसुद्धा रबातला बसत नाही.

तिरकसराव

माराकेशला कुणी वालीच नाही का? जमा अल-फना चौकातले साप आणि संत्र्याचा रस, झालं?

जुनी_वही

सापांबरोबर फोटो काढला की पैसे मागतात, भाव आधी ठरवा, तेवढं पुरे. खाद्यगाड्या संध्याकाळी लागतात, भर दुपारी चौक ओसाड असतो.

माराकेश १०७०च्या सुमाराला अल्मोराविद या राजघराण्याने वसवलं. देशाला युरोपने जे नाव दिलं ते याच शहरावरून. देशातले लोक देशाला 'मगरिब' म्हणजे पश्चिम म्हणतात, आणि उर्दूत अजूनही देशाचंच नाव 'मराकश'. आज माराकेशचं काम पाहुणचार. २०२४ मध्ये देशात १ कोटी ७४ लाख पर्यटक आले, त्यांचं हे सर्वांत मोठं ठिकाण. परिषदाही तिथेच भरतात. नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावावरून (जागतिक व्यापार कराराचा मसुदा) आपल्याकडे गावोगाव सभा झाल्या होत्या, आठवतं? त्याची अखेर माराकेशमध्ये झाली. १५ एप्रिल १९९४ला करारावर सह्या झाल्या, भारतातर्फे वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी केली, आणि १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली.

मेक्नेस सुलतान मौलाय इस्माइलचं (राज्य १६७२ ते १७२७), मोठमोठे दरवाजे आणि कोठारं. तो गेल्यावर राजधानीपण गेलं. आता आसपासच्या शेतीची बाजारपेठ.

गाडीवान

अगादीर राहिलं. २९ फेब्रुवारी १९६०च्या रात्रीचा भूकंप मापाने फार मोठा नव्हता, पण केंद्र शहराच्या अगदी खाली आणि उथळ, बांधकाम दगडमातीचं. बारा हजारांहून जास्त माणसं गेली. शहर जुन्या जागेच्या दक्षिणेला नव्याने बांधलं, म्हणून तिथे मदिना शोधू नका. सार्डिन मासे, सूस खोऱ्यातली टोमॅटो-संत्री, आणि थंडीत ऊन शोधणारे युरोपीय. माराकेशहून बस साधारण साडेतीन तास. लांबच्या ग्राँ ताक्सी अगादीरमधून नव्हे, शेजारच्या इनझगानमधून सुटतात.

बंदरबाबू

२०३०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी मोरोक्कोने दिलेली यजमान शहरं: कासाब्लांका, रबात, टँजियर, फेज, माराकेश, अगादीर. सरकारला कोणती शहरं 'मोठी' वाटतात त्याची हीच यादी समजा. पूर्वेचं ऊज्दा त्यात नाही. अल्जीरियाची सीमा १९९४ पासून बंद आहे, ऊज्दाला नकाशावर रस्ता आहे पण पुढे दार नाही. २०२५च्या सप्टेंबरात तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा घोषणा हीच होती: स्टेडियम बांधलीत, दवाखाने कुठे आहेत?

चिंचपेटी

दोन बारीक गोष्टी. घड्याळ: २०१८ पासून मोरोक्को वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे, म्हणजे भारतापेक्षा साडेचार तास मागे. रमजानात मात्र ते एक तास मागे घेतात, फरक साडेपाच होतो. रेल्वे आणि कार्यालयांच्या वेळाही तेव्हा बदलतात.

पैसे: दिरहम देशाबाहेर नेता येतात ते २,००० पर्यंतच, त्यामुळे उरतील तेवढे निघण्याआधी बदलून घ्या. आणि फेजच्या बाजारात म्हातारे दुकानदार अजून रियालात बोलतात. २० रियाल म्हणजे १ दिरहम. कुणी 'हजार' म्हणालं तर दचकू नका, पन्नास दिरहम झाले.

तिरकसराव

आणि आपण पन्नास ऐकून घासाघीस पंचवीसवर आणायची, की आधी हजारचे पाचशे करायचे?

चिंचपेटी

रियालातच करा. पाचशे म्हटल्यावर तो हसतो, आणि चहा मागवतो.